मोकळ्या जागेतला गलबला आणि झाडीतली वटवाघळं

पहिल्या हंगामात मी मलेशियातल्या पर्जन्यवनात दोन रेकॉर्डर लावले, वटवाघळं अंधारात शिकार शोधायला घालतात ती आपल्याला ऐकू न येणारी साद टिपणारे. एक जंगल तोडून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात, दुसरा आत दाट झाडीत. सकाळी फाइली उघडल्या तर मोकळ्या जागेत आवाजांचा नुसता पाऊस आणि झाडीत जेमतेम चार-दोन नोंदी. मी वहीत लिहून टाकलं, 'मोकळ्या जागेत कीटकभक्षी वटवाघळं जास्त.' हे चूक आहे हे कळायला अख्खा हंगाम गेला. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितेय.

मोकळ्या आकाशात शिकार करणाऱ्यांचे पंख लांब, निमुळते, उडणं वेगवान, साद खालच्या पट्टीतली आणि दणदणीत. ती लांबून पकडता येते. पानांच्या गर्दीत शिकार करणाऱ्यांचे पंख रुंद, उडणं संथ पण क्षणात वळणारं, आणि साद बारीक, उंच पट्टीतली. अशी साद हवेतच लवकर विरते, त्यात पानं आड येतात. शिवाय एकच वटवाघूळ पट्ट्यावर रात्रभर घिरट्या घालून शेकडो फाइली भरू शकतं. फाइली मोजल्या म्हणजे वटवाघळं मोजली असं होत नाही.

सॅम्पलिंग रेट, म्हणजे रेकॉर्डर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो, ते आधी तपासा. २५६ किलोहर्ट्झ ठेवलात तर त्याच्या निम्म्याच्या, १२८ किलोहर्ट्झच्या वरची साद नीट मिळत नाही, आणि झाडीत शिकार करणाऱ्या केरिव्हुला प्रजातीतल्या काही चिमुकल्या वटवाघळांची साद २०० किलोहर्ट्झच्याही वर सुरू होते. म्हणजे ज्यांच्यावर जंगलतोडीचा घाव सर्वांत आधी बसतो, तीच यंत्रातून निसटतात.

म्हणून हार्प ट्रॅप हवाच. चौकटीत ताणलेल्या उभ्या दोऱ्यांच्या दोन रांगा. त्यांत अडखळून वटवाघूळ खालच्या पिशवीत घसरतं. मिस्ट नेट, म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं, झाडीतल्या वटवाघळांना सादेच्या प्रतिध्वनीतून बहुधा आधीच 'दिसतं'. ट्रॅप अरुंद पायवाटेवर लावा, दोन्ही बाजूंना फांद्या हव्यात. उघड्या पट्ट्यात मात्र त्याचा उपयोग नाही, तिथली वटवाघळं वरूनच जातात. एकाच साधनाने दोन्ही जागांची थेट तुलना करायचा हट्ट मी शेवटी सोडला. झाडीतल्या जाती निवडून, तोडीच्या काठापासून आत जाताना त्या कुठे भेटायला लागतात, हे पाहणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

मोकळ्या जागेचं वय आणि तिथे काय उगवलंय तेही नोंदवा. ब्राझीलमध्ये मनौसच्या उत्तरेला १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे अभ्यासले जाताहेत. तिथे भोवतालचं कुरण सोडून दिल्यावर पुन्हा झाडी आली, आणि तुकड्यांतलं जीवनही त्यानुसार बदलत गेलं. घराचंही असंच. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या जातींचं तोडीत शिकारीचं रान आणि निवारा दोन्ही जातं. गुहेत राहणाऱ्यांना निदान परतायला जागा उरते.

रेबीजची लस घेतल्याशिवाय वटवाघळाला हात लावू नका. परवानग्यांना महिने लागतात, अर्ज लवकर करा. चंद्र आणि पाऊस रोज लिहा.

दुसऱ्या हंगामात एका रात्री ट्रॅपच्या पिशवीत मऊ लोकरीचं केरिव्हुला सापडलं, वजन जेमतेम काही ग्रॅम. त्याच पायवाटेवर, ट्रॅपपासून दहा पावलांवर माझा रेकॉर्डर चालू होता. त्या रात्रीच्या फाइली मी दोनदा तपासल्या. त्याची एकही साद त्यांत नव्हती.