डांबरीही आणि खडीही: दुसरी सायकल निवडताना

पहिली रोडबाइक (डांबरावर पळायची, बारीक टायरची सायकल) असेल आणि दुसरीचे वेध लागले असतील, तर पहिलीला जे झेपत नाही, म्हणजे खडीची कच्ची वाट, तेवढंच दुसरीकडून मागा. नाहीतर घरात त्याच जातीची, फक्त वेगळ्या रंगाची सायकल येते आणि दोघींपैकी एक कायम भिंतीला टेकून राहते.

दुकानात मी वजन विचारतच नाही. आधी खाली वाकतो आणि टायरला जागा किती ते बघतो. पायडलच्या दांड्याच्या मागे, जिथून दोन नळ्या मागच्या चाकाकडे निघतात, तिथे बहुधा सगळ्यात जास्त अडचण असते. ५ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) टायर आणि नळीच्या फटीत सरकवून बघा. दोन्ही बाजूंना अलगद गेली पाहिजे. पुढे फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, माथ्याखालीही तेच. तिथे घासली, तर ओल्या मातीत चाक जाम होणार आणि टायरला चिकटून आलेला खडा फ्रेम खरवडत फिरणार. माहितीपत्रकात ४५ मिमी रुंद टायर बसतो असं लिहिलं असलं तरी मडगार्ड चढवले की तो आकडा खाली येतो, हेही धरून चाला.

अर्धं डांबर, अर्धी खडी असा हिशेब असेल तर ३८ ते ४२ मिमी टायर पुरतो. मधे गुळगुळीत, कडेला खाचा असलेला घ्या. मोठ्या रबरी उंचवट्यांचा टायर डांबरावर नुसता घोंघावतो. पण रुंद टायरचं सुख हवा कमी ठेवली तरच मिळतं. साधारण ७० किलोच्या माणसाला ४० मिमीच्या टायरमध्ये ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ. रोडबाइकच्या सवयीने ठासून भरलीत तर खडीवर मनगटं बोंबलतील. एवढ्या कमी हवेत ट्यूब रिमवर चिमटून पंक्चर होऊ शकते, म्हणून चाकं ट्यूबलेस करता येण्याजोगी असावीत.

मग गिअर. रोडबाइकवर पुढे ३४ आणि मागे २८ दाते हा सगळ्यात हलका गिअर असेल, तर पायडलच्या एका फेरीत चाक सव्वा फेरीच्या आसपास फिरतं. कच्च्या चढावर हे फार जड. तिथे उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं. पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी हवेत: पुढे ३० तर मागे ३४, किंवा पुढे एकच ४० दात्यांची चकती असेल तर मागे ४२. एकाच चकतीत भानगडी कमी, मान्य. पण मागच्या गिअरमधली अंतरं मोठी होतात आणि सपाट डांबरावर पायांना हवी ती लय सापडत नाही. निम्मी वाट डांबराची असेल तर मी दोन चकत्यांचीच घेईन.

ब्रेक डिस्कच, शक्यतो हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे). डिस्कचा ब्रेक रिमला धरत नाही, त्यामुळे फ्रेमने परवानगी दिली असेल तर पुढेमागे ६५०बी मापाची लहान चाकं आणि आणखी जाड टायरही बसवता येतात. कार्बन की ॲल्युमिनियम की स्टील, यावर लोक तासन्‌तास भांडतात. टायर आणि हवा नीट असली तर मला त्यातला फरक फारसा जाणवत नाही. कॅरिअर-मडगार्डसाठी स्क्रूची भोकं मात्र मोजून घ्या.

चालवून बघायला जाताना आपले पायडल आणि टेप सोबत न्या. पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पहिल्या सायकलवर मोजा आणि तेवढंच नवीवर लावा. हँडल थोडं उंच आणि जवळ असलेलं चालेल. एखाद्या खडबडीत तुकड्यावर हात हँडलच्या खालच्या वळणात धरून ब्रेक दाबून पाहा. बोटं सहज पोचत नसतील तर लिव्हर जवळ आणून घ्या, आणि तरीही नाही पोचली तर दुसरं मॉडेल बघा.