रेडिओअ‍ॅक्टिव्ह लेबलिंगचा जुना प्रयोग समजून कसा घ्यायचा

हर्शी-चेसचा प्रयोग (आनुवंशिक माहिती प्रोटीनमध्ये नाही, डीएनएत असते हे दाखवणारा) बहुतेक जण आकृतीसकट पाठ करतात आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की अडकतात. त्यापेक्षा ट्रेसरचा, म्हणजे किरणोत्सारी अणूचं लेबल लावून पदार्थ कुठे जातो ते बघण्याचा, कुठलाही प्रयोग समोर आला की आधी एवढंच बघा, लेबल कुठल्या अणूला लावलंय आणि तोच अणू का घेतला.

सवय लावायला रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांच्यापासून सुरुवात करा. १९२३ साली कोपनहेगनला त्यांनी बाकल्याच्या रोपांची मुळं किरणोत्सारी शिशाच्या द्रावणात ठेवली, मग रोपाचे भाग जाळून राखेतली किरणं मोजली आणि कळलं की बहुतेक शिसं मुळातच अडकतंय. आता शिसंच का? कारण तेव्हा हाताशी फक्त निसर्गातले किरणोत्सारी पदार्थ होते. झाडाला शिसं लागत नाही, उलट ते विषारी, पण किरणं मोजून अगदी कणभर शिसंही सापडायचं म्हणून काम भागलं. १९३४ मध्ये जोलिओ-क्यूरी दांपत्याने कृत्रिम किरणोत्सार शोधला आणि लगेच १९३५ ला हेवेशींनी उंदरांना फॉस्फरस-३२ दिला. त्यातून दिसलं की हाडातला फॉस्फरससुद्धा सतत बदलत असतो, एक अणू उंदराच्या शरीरात सरासरी दोनेक महिनेच राहतो. मला तर हा निकाल हर्शी-चेसपेक्षाही मोठा वाटतो, हाड म्हणजे एकदा बनलं की तसंच राहतं हा समजच मोडला!

दुसरं बघायचं ते हाफ लाइफ, म्हणजे किरणोत्सारी अणू निम्मे उरायला लागणारा वेळ. हेवेशींच्या शिशाची साडेदहा तासांच्या आसपास, म्हणजे मोजणी झटपट उरकायची. फॉस्फरस-३२ ची १४ दिवस, आरामात पुरते. कार्बन-११ ची जेमतेम २० मिनिटं, म्हणून १९४० मध्ये बर्कलीला रुबेन आणि केमन यांना दीर्घकाळ टिकणारा कार्बन-१४ मिळाला तेव्हा प्रकाशसंश्लेषणावर काम करणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला.

आता १९५२ चा हर्शी-चेस घ्या. प्रश्न असा, की फाज (बॅक्टेरियात वाढणारा विषाणू) बॅक्टेरियात काय सोडतो, डीएनए की प्रोटीन? डीएनएत फॉस्फरस असतो पण सल्फर नसतो, टी-२ फाजच्या प्रोटीनमध्ये सल्फर असतो पण फॉस्फरस जवळजवळ नाहीच, म्हणून एका बॅचला फॉस्फरस-३२ आणि दुसऱ्या बॅचला सल्फर-३५. इथे एक गोष्ट हमखास सुटते, फाज स्वतः काही खात नाही, त्यामुळे आधी बॅक्टेरिया लेबलवाल्या माध्यमात वाढवायचे, मग त्यांच्यात फाज वाढवायचा, आणि तो लेबल लागलेला फाज साध्या बॅक्टेरियावर सोडायचा. मग ब्लेंडरने बाहेर चिकटलेली आवरणं सुटी करायची, सेंट्रिफ्यूज करायचं (म्हणजे वेगाने गरगर फिरवायचं), बॅक्टेरिया तळाशी जातात, आवरणं वरच्या द्रवात राहतात.

उत्तर लिहिताना "सगळा सल्फर बाहेर, सगळा फॉस्फरस आत" असं लिहू नका. ब्लेंडरने साधारण ८० टक्के सल्फर सुटला, फॉस्फरसही थोडा द्रवात आलाच. खरा पुरावा पुढच्या पिढीच्या फाजमध्ये आहे, तिथे फॉस्फरस ३० टक्के किंवा जास्त पोचला आणि सल्फर १ टक्क्याहून कमी, हे दोन आकडे मात्र नक्की लिहा.