अ‍ॅम्प तापतोय? या चुका टाळा, पंख्याचं नंतर बघू

गाडीतला अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, गरम होणारच. क्लास एबी प्रकारच्या सर्किटचा तर जोरात वाजवताना साधारण निम्मी वीज उष्णतेतच घालवतो, क्लास डी त्या मानाने बराच थंड. त्यात मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी असेल तर हाताला चटका बसणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण गाणं चालू असताना प्रोटेक्टची (स्वतःला वाचवायला बंद होतोय हे सांगणारी) लाईट लागून अ‍ॅम्प बंद, गार झाला की आपोआप चालू, असं होत असेल तर जोडणीत घोळ आहे.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे ओहमचा. स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं हे माप, आकडा जितका कमी तितका भार जास्त. कांदिवलीचा एक पोरगा, स्विफ्टच्या डिक्कीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प, दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर बारा इंची वूफर (बेसचा स्पीकर). घरून निघाला की अंधेरी यायच्या आत बंद. दुकानदार म्हणाला अ‍ॅम्पच कमजोर आहे, मोठा घ्या, याने घेतला, तोही बंद, मग लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा पंखा आणून वर चिकटवला, तरी तेच. मी वूफरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढून मल्टिमीटर लावला तर आकडा दोनच्याही खाली! डबल कॉइलचा वूफर, चार-चार ओहमचा, दोन्ही कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) म्हणजे दोन ओहम, आणि अ‍ॅम्पवर सरळ छापलंय की ब्रिजमध्ये कमीत कमी चार. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे इथे एक ओहम. तापणार नाही तर काय? कॉइल सिरीजमध्ये (एकामागे एक) घेतल्या, आठ ओहम झाले, बेस थोडा उतरला म्हणून साहेबांचं तोंड पडलं, पण नंतर पनवेलला जाऊन आला, एकदाही बंद नाही. पॅरलल केलं की जोरात वाजतं एवढंच अर्धवट ऐकून येतात सगळे.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, डेकच्या (गाडीतल्या प्लेअरच्या) सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचं बटण आहे, हे सांगून तोंड दुखलं. मी गेन शून्यावर आणि बेस बूस्ट बंद ठेवतो, डेकचा आवाज पाऊणपर्यंत नेतो, मग गेन हळूहळू वाढवतो, आवाज फाटायला लागला की थोडा मागे. पाच मिनिटांचं काम आहे, पण धीर कुणाला आहे, गेन फुल करून मोकळे. मग वूफरची कॉइल जळल्याचा वास येतो तेव्हा फोन.

ग्राउंड, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची मायनस वायर, रंगावर कसू नका, पत्रा घासून चकचकीत करा, वायर छोटी आणि प्लसइतकीच जाड, सीटबेल्टचा बोल्ट सोडून कुठेही. स्वस्त किटमधली वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम असते, ती तांब्याइतकी वीज पोचवत नाही. गाणं जोरात चालू असताना बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, एखाद्या व्होल्टचा फरक दिसला तर दोष वायरिंगचाच.

अ‍ॅम्प कार्पेटखाली गाडू नका, उलटा टांगू नका, वूफरच्या डब्यावर तर अजिबात नको.

आणि थंड असतानाच प्रोटेक्ट लागत असेल तर स्पीकरच्या सगळ्या वायरी काढून चालू करून बघा. लाईट गेली तर एखादी वायर बॉडीला टेकतेय किंवा स्पीकरच शॉर्ट आहे, नाही गेली तर अ‍ॅम्प रिपेअरला.