जुनं मिलिंग मशीन दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनं मिलिंग मशीन घरच्या वर्कशॉपमध्ये येऊन उभं राहिलं की हात लगेच पान्याकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी डायल गेज (सुईवर अगदी बारीक हालचाल दाखवणारं मापयंत्र) घ्या. गंज काढता येतो, रंग पुन्हा देता येतो, पट्टे आणि बेअरिंग नवीन मिळतात. पण स्लाइडवेवर, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या सपाट पट्ट्यांवर, हाताने खरवडून केलेलं अचूक फिनिश (स्क्रेपिंग) एकदा घासून गेलं की ते घरी परत आणणं फार थोड्यांना जमतं. अशा मशीनचं खरं मोल त्या पृष्ठभागात असतं, आणि बहुतेक चुका त्यालाच जाऊन लागतात.

न मोजता खोलणं

वायरिंग तपासून झाल्यावर शक्य असेल तर मशीन थोडं चालवा, आवाज ऐका. मग डायल गेजचा स्टँड सॅडलवर (टेबलाखालच्या सरकत्या भागावर) लावा, टेबल मध्यभागी आणा, टेबलाचं टोक हाताने आडवं ढकला आणि सुई किती हलते ते लिहून ठेवा. टेबल दोन्ही टोकांना नेऊन हेच पुन्हा करा. बहुतेक जुन्या मशीनमध्ये मधला भाग जास्त झिजलेला असतो, कारण वर्षानुवर्षं काम तिथेच झालेलं असतं. लीडस्क्रूचा (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा) बॅकलॅशही, म्हणजे हँडल उलटं फिरवताना टेबल हलण्याआधी जाणारी मोकळी फिरकीही, असाच तीन ठिकाणी मोजा. हे आकडे नसतील तर दुरुस्तीनंतर नेमकं काय सुधारलं, हे कधीच कळत नाही.

याच झिजेतून सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार निघते: जिब (स्लाइडवेमधली फट भरणारी पट्टी) आवळली, आता टेबल मध्ये छान चालतं पण टोकांना अडकतं. जिब मध्यभागी सेट केली, हेच कारण. ती कमी झिजलेल्या भागात, म्हणजे टोकाकडे सेट करा आणि मध्ये उरणारा थोडा प्ले (ढिलेपणा) मान्य करा. कटिंग करताना जो अक्ष हलवायचा नाही तो लॉक केला की त्या प्लेचा त्रास बराच कमी होतो. टेपर (निमुळत्या) जिबला दोन्ही टोकांना स्क्रू असतील तर एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, जिब वाकते. लीडस्क्रूच्या नटलाही हाच नियम. बॅकलॅश शून्यावर आणायचा हट्ट धरलात तर स्क्रूच्या न झिजलेल्या भागात नट जाम होईल. बॅकलॅश आहे तोवर क्लाइम्ब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने काम सरकवणं) टाळा, कटर टेबलाला स्वतःकडे ओढून घेतो आणि तुटतो.

हलवताना वजन विसरणं

1938 साली बाजारात आलेल्या ब्रिजपोर्ट या अमेरिकी मिलिंग मशीनच्या धाटणीचं मशीन साधारण एक टनाचं असतं आणि त्याचं बरंचसं वजन वरच्या बाजूला असतं. नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) पूर्ण खाली घ्या, रॅम (हेड धरणारा वरचा सरकता हात) मागे सारा, सगळे लॉक आवळा. टेबलाला पट्टा बांधून मशीन उचलणं हा तर गुन्हाच समजा. हेडचे (मोटर आणि स्पिंडल असलेल्या वरच्या भागाचे) नट सैल करण्याआधी टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून नी वर घ्या आणि हेडला आधार द्या, नाहीतर ते स्वतःच्या वजनाने कलंडू शकतं.

स्लाइडवेवर ग्राइंडर आणि पॉलिश पेपर

ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश किंवा फ्लॅप डिस्क इथे नकोच. रॉकेलने धुवा, मग भरपूर तेल लावून नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरा आणि गंज खरवडा. बारीक, सपाट ऑईल स्टोन फक्त उठलेल्या बऱ्या (धातूचे बारीक उंचवटे) बसवण्यापुरता फिरवा. गंजाचे खोल खड्डे राहिले तर राहू द्या. खड्ड्यात तेल साठतं, त्याने अचूकता बिघडत नाही. उंचवटा मात्र बिघडवतो.

छोट्या बिडाच्या भागांसाठी वॉशिंग सोड्याच्या पाण्यातलं इलेक्ट्रोलिसिस उत्तम. अ‍ॅनोडला साधं लोखंड वापरा, स्टेनलेस स्टील कधीही नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. स्प्रिंग आणि कडक केलेले पार्ट त्या टबात टाकू नका, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात.

तेलाच्या जागी ग्रीस

या चुकीने किती चांगली मशीन वाया गेली असतील याचं मनापासून वाईट वाटतं. निपल (तेल किंवा ग्रीस भरायचं तोंड) दिसलं की लोक ग्रीस गन लावतात. पण अनेक मशीनवर ते निपल तेलासाठी असतं. ग्रीस नळीत सुकतं, वाट बंद होते आणि स्लाइडवे कोरडेच घासत राहतात. वन-शॉट पंप (एका ओढीत सगळीकडे तेल पाठवणारा) असेल तर प्रत्येक नळी सोडून बघा, दट्ट्या ओढल्यावर शेवटच्या टोकाला तेल येतं का. येत नसेल तर तिथलं मीटरिंग युनिट (तेलाचं प्रमाण ठरवणारा छोटा जोड) बदला. स्लाइडवेला व्हीजी 68 जाडीचं वे ऑईल (स्लाइडवेसाठीचं खास तेल) घाला, इंजिन ऑईल नको.

वीज, आटे, बेअरिंग

थ्री-फेज मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालवायची असेल तर मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मोटरच्या वाटेतून काढून टाका. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये चालू स्थितीत स्विच तोडला तर व्हीएफडी जळू शकतो. उलटसुलट चालवण्याचं काम व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून घ्या. व्हीएफडी घेण्याआधी मोटर कोणत्या व्होल्टेजला जोडली आहे ते पाटीवर पाहा. अर्थिंगशिवाय चालू करू नका.

बोल्ट हाताने फिरत नसेल तर पाना लावू नका. अर्धा इंची व्हिटवर्थ या ब्रिटिश आट्याला इंचात 12 आटे असतात, यूएनसी या अमेरिकी आट्याला 13. सुरुवातीला दोन्ही एकमेकांत जातात, मग बीड फाटतं. टेपर पिन काढताना नेहमी बारीक टोकाकडून ठोका.

स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) डगमगतो म्हणून लगेच बेअरिंग काढू नका. आधी स्पिंडलचं निमुळतं भोक (टेपर) आतून स्वच्छ पुसा आणि कोलेट (कटर पकडणारी चिमटा-नळी) न लावता डायल गेज थेट टेपरवर टेकवा. दोष अनेकदा कोलेटचा किंवा अडकलेल्या बरीचा निघतो. बदलायचीच वेळ आली तर बेअरिंगची जोडी जुळवलेली असते, तिची दिशा खूण करून ठेवा आणि दाब फक्त जी रिंग बसवायची तिच्यावरच द्या.

रंगाची घाई

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, रिमूव्हरने सोलून काढा. हेड आणि रॅम जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंगाचा थरही नको, आणि तेलाची भोकं आधी झाका.

जोडल्यावर कट खराब येतोय?

फ्लाय कटर (एका दाताचा रुंद फिरता कटर) फिरवून बघा. खुणा एकाच बाजूच्या उमटत असतील तर हेड कललेलं आहे. डायल गेज स्पिंडलला लावून टेबलावर फिरवत ट्राम करा, म्हणजे हेड टेबलाला काटकोनात आणा. खुणा दोन्ही बाजूंच्या येऊनही थरथर असेल तर क्विल (स्पिंडल वर-खाली नेणारी नळी) लॉक, रॅमचे बोल्ट, न वापरलेल्या अक्षांचे लॉक या क्रमाने तपासा. सगळं घट्ट असेल तर क्विल शक्य तेवढा आत घ्या, नी वर आणा आणि कटर कमीत कमी बाहेर ठेवून पुन्हा कट घ्या.