जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्या आवृत्तीचे पैसे मागण्याआधी

ॲपची मोठी नवी आवृत्ती तयार झाली म्हणून लगेच किंमत ठरवायला बसू नका. ज्यानं पूर्वी पैसे मोजलेत त्याच्याकडे काय राहणार, ते आधी कागदावर उतरवा. समजा, सांगली-तासगावच्या द्राक्षबागाईतदारांसाठी फवारणी आणि खर्चाच्या नोंदींचं ॲप आहे. जुन्या नोंदी, त्यांची बेरीज, पीडीएफ हे सगळं जुन्या गिऱ्हाइकाला पुढेही उघडलंच पाहिजे. वर्गणीवर जाताना आधी विकलेलं मुख्य काम काढून घेऊ नका, असं ॲपलचा नियमही सांगतो. पैसे मागा ते नव्या कामाचे, म्हणजे बेदाण्याच्या सौद्यांच्या हिशेबाचे.

मग वाट निवडा. ॲपलचं ॲप स्टोअर २००८ साली सुरू झालं, पण जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत नवी आवृत्ती देण्याची सरळ सोय तिथे नाही. नवं ॲप वेगळं टाकून जुन्यासोबत त्याचा बंडल, म्हणजे एकत्र विकायचा संच, करता येतो. आधी मोजलेले पैसे बंडलच्या किमतीतून वजा होतात. मला ही वाट पटत नाही. जुनं ॲप विक्रीला ठेवावं लागतं आणि कुणीतरी नेमकं तेच विकत घेतं.

दुसरी वाट म्हणजे ॲप फुकट करून आत खरेदी ठेवायची. इथे खरी तयारी लागते. माणसानं मुळात कोणती आवृत्ती घेतली होती हे ॲपल सांगतं, पण आयफोनवर तो बिल्ड नंबर (ॲप बांधताना दिलेला आतला क्रमांक) असतो आणि मॅकवर आवृत्तीचा, लोकांना दिसणारा क्रमांक. म्हणून आजवरच्या सगळ्या बिल्ड नंबरांची यादी काढा. ॲप फुकट होण्याआधीचा क्रमांक असेल तर तो जुना गिऱ्हाईक. ही तुलना आकडे म्हणून करा. अक्षरं म्हणून केली तर ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो. सँडबॉक्समध्ये, म्हणजे ॲपलच्या चाचणीच्या खोट्या खरेदीत, उत्तर कायम १.० येतं, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. आधी केलेली खरेदी ॲपमध्ये पुन्हा चालू करण्याचं बटण हवंच.

गूगल प्लेवर एकदा फुकट केलेलं ॲप पुन्हा पैशाचं करता येत नाही. तिथे ॲप पैशाचं असतानाच एक मधली आवृत्ती काढा, जुन्या गिऱ्हाइकांची नोंद सर्व्हरवर होऊ द्या, मगच किंमत उतरवा.

मुहूर्त बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागाईतदाराला श्वास घ्यायला सवड नसते. तेव्हा ॲपचा स्क्रीन बदलला तर शिव्याच खाल. खरड छाटणी उरकली की जूनमध्ये नवी आवृत्ती काढा, तीही ॲपलच्या सोयीनुसार सात दिवसांत टप्प्याटप्प्यानं गिऱ्हाइकांपर्यंत पोचेल अशी.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं उत्तर मराठीत लिहून ठेवा. खातं बऱ्याचदा पुतण्यानं नाहीतर मोबाइल दुकानदारानं काढून दिलेलं असतं. 'दादा, मी पैसे भरलेत' असा फोन आला, तर आधी जुनी पावती कोणत्या ईमेलवर आली होती ते विचारा. खरेदी त्याच खात्यावर सापडेल.