वुर्ट्झच्या प्रॅक्टिकलआधी

वुर्ट्झची अभिक्रिया म्हणजे कोरड्या इथरमध्ये सोडियम वापरून हॅलाइडचे (ब्रोमीनसारखा हॅलोजन जोडलेल्या कार्बनी संयुगाचे) दोन रेणू जोडायचे आणि अल्केन (फक्त कार्बन-हायड्रोजनचं, एकेरी बंधांचं संयुग) बनवायचं; इथं ब्युटिल ब्रोमाइडपासून ऑक्टेन. नाशिकमध्ये हे प्रॅक्टिकल लावायचं तर डिसेंबर-जानेवारीचा आठवडा धरा. जुलैत हवा इतकी दमट असते की कापलेला सोडियम बघता बघता काळवंडतो. मे महिनाही नको. इथर समुद्रसपाटीला 34.6 अंशांना उकळतं, आपण 600 मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे इथं त्याला 32-33 अंशही पुरतात.

काचसामान आदल्या दिवशीच ओव्हनमध्ये टाका. गार्ड ट्यूबमधल्या (हवेतली ओल आत येऊ न देणाऱ्या नळीतल्या) कॅल्शियम क्लोराइडचे दाणे सुटे आहेत ना, ते बघा. चिकटून गोळा झाला असेल तर बदला. इथर आणि ब्युटिल ब्रोमाइड, दोन्ही कोरडे हवेत. पोरं इथरचं लक्षात ठेवतात आणि ब्रोमाइड तसंच ओततात. हिशोब सोपा आहे: 13.7 ग्रॅम ब्रोमाइडला 2.3 ग्रॅम सोडियम. कागदावर 5.7 ग्रॅम ऑक्टेन दिसेल, पण तेवढं हाती येत नाही. काही भाग ब्युटेन आणि ब्युटीन होऊन उडून जातो. जर्नलमध्ये आलं तेवढंच लिहा.

सोडियमसाठी बेसिनपासून लांबचं टेबल घ्या आणि त्यावरचं ओलं फडकं आधी उचला. चष्मा लावूनच बसा. तुकडा चिमट्यानं रॉकेलमधून काढा, गाळण कागदानं टिपा, कोरड्या सुरीनं वरचा पापुद्रा काढा. आतला धातू पनीरसारखा कापला जातो, क्षणभर चांदीसारखा चमकतो आणि लगेच मळतो, त्यामुळे गप्पा नंतर. पापुद्रे परत रॉकेलमध्येच. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाटल्या त्या टेबलावर दिसताच कामा नयेत. सोडियमशी त्यांची गाठ पडली तर स्फोट होतो.

बर्नर बंद, हीटिंग मँटल चालू. कोरड्या वाळूची बादली हाताशी हवी; पेटत्या सोडियमवर पाणी चालत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. उरलेल्या सोडियमवर आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं थोडं घालायचं, तेही सरांसमोर.

तोंडी परीक्षेला वुर्ट्झनं ही अभिक्रिया मांडली ते 1855 हे साल विचारतीलच. खरा प्रश्न पुढचा असतो: मिथिल आणि इथिल हॅलाइड एकत्र घेतली तर? इथेन, प्रोपेन, ब्युटेन, तिन्हींची खिचडी मिळते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या असलेला अल्केन हवा असेल तेव्हाच ही पद्धत कामाची. एका बाजूला बेंझीनचं वलय आलं की वुर्ट्झच्या पुढे फिटिगचं नाव जोडा: वुर्ट्झ-फिटिग अभिक्रिया.