हॉस्टेलच्या बेसिनमध्ये कपडे धुताना

युरोपातल्या स्वस्त हॉस्टेलात राहताना मोजे-अंतर्वस्त्रं रोज रात्री धुवावीत. बेसिनला बूच बहुधा नसतंच. चपटं रबरी झाकण सोबत न्या. कोमट पाण्यात अर्धा चमचा लिक्विड डिटर्जंट पुरे. जास्त घातलं तर फेस निघता निघत नाही, कपडे चिकट राहतात आणि अंगाला खाज सुटते. 10 मिनिटं भिजवा, चोळा, दोनदा खळबळा.

खरी अडचण वाळवण्याची. नुसतं पिळून भागत नाही. कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची घट्ट गुंडाळी करा आणि गुडघ्याने दाबा. बरंचसं पाणी टॉवेलात उतरतं. मग हवेशीर जागी दोरीवर मोकळा टांगा. जाड सुती मोजे तरीही सकाळी ओलेच सापडतील, म्हणून पॉलिएस्टरचे किंवा पातळ मेरिनो लोकरीचे घ्या. ओले मोजे घालून दिवसभर चालू नका. बोटांच्या बेचक्यात बुरशी होते.